धाकटीचं जॅकेट मी धुतलं

आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. हत्यारं म्हणजे तलवारीबिलवारी नव्हेत, ज्याच्यावर घर चाललं ती. सासरे गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. सुताची कांडी पोटात घेऊन साच्यात इकडून तिकडे धावणारा त्यांचा लाकडी धोटा अजून आमच्याकडे आहे. आमच्या ह्यांना जाऊन चार वर्षं झाली, पण त्यांचे पाने, पकडी आहेत. माझी कात्री आहे, शिलाई मशीन आहे. या चाळीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज माझ्या हातचे. आणि पूजेआधी प्रत्येक वस्तू धुवून-पुसून लख्ख करायची हा सासूबाईंचा दंडक. कळकट हत्याराला हळदकुंकू लावायचं नाही. गिरणीतसुद्धा त्या दिवशी साचे पुसल्याशिवाय हार चढत नसे, असं सासरे सांगायचे.

आता हे सगळं मी आधी सांगतेय कारण माझ्या हातून जे झालं ते या पुसापुशीतूनच झालं.

माझी धाकटी मुलगी समुद्राच्या तळाची मोजणी करते. एका लहानशा कंपनीत आहे. छोट्या बोटीतून जायचं, यंत्र पाण्यात सोडायचं, कुठे किती खोल आहे, कुठे किती गाळ साठलाय त्याचे नकाशे करायचे. तिने नोकरी धरली तेव्हा मी एवढंच विचारलं होतं की बाई गं, पोहता येतं ना तुला नीट. तशी दादरच्या तलावात लहानपणीच शिकली होती ती, पण तलाव वेगळा आणि समुद्र वेगळा.

गेल्या वर्षी तिचा लॅपटॉप मी पूजेत मांडला आणि कुंकू जरा सढळ हाताने वाहिलं. ते गेलं बटणांच्या फटीत. चार दिवस ती कापसाची काडी घेऊन बसली होती आणि माझ्याशी मोजून बोलत होती. म्हणून यंदा तिने आधीच बजावलं, लॅपटॉप मिळणार नाही. मी म्हटलं, मग काय द्यायचं ते दे, पण तुझं काहीतरी मांडल्याशिवाय माझं मन लागणार नाही. तेव्हा तिने बॅगेतून एक काळपट वस्तू काढली आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "हे घे. बोटीवर माझा जीव याच्यावरच असतो. याची कर पूजा." एरवी ते ऑफिसच्या कपाटात असायचं. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला घरूनच थेट धक्क्यावर जायचं होतं, म्हणून बरोबर आणलेलं.

ते लाइफजॅकेट आहे हे तिने सांगितलं म्हणून कळलं. माझ्या डोक्यात लाइफजॅकेट म्हणजे घारापुरीच्या लाँचमध्ये असतात ती, नारंगी, गादीसारखी फुगलेली, घातली की मान वळत नाही अशी. हे तर चपटं. गळ्यातून दोन बाजूंना उपरण्यासारखं खाली येणारं, कमरेला पट्टा आणि पुढे बक्कल. मी म्हटलं, हे कसलं तरंगणार, यात काही भरलेलंच नाही. ती हसली. म्हणाली, पाण्यात पडलं की आपोआप फुगतं, नंतर दाखवते नीट. आणि झेंडू आणायला दादरला निघून गेली.

मी ते उजेडात धरलं. कॉलरवर घाम, सगळीकडे मिठाचे पांढरे ओघळ, डिझेलचा वास. अशा वस्तूला मी हळदकुंकू लावणार होते होय? आणि आपोआप फुगतं असं ती म्हणाली होती, ते माझ्या कानावर पडलं, नाही असं नाही. पण समुद्र म्हणजे समुद्र, आणि बादली म्हणजे बादली. शिवाय पाण्यात वापरायची वस्तू, तिला पाण्याचं कसलं भय, असा माझा हिशेब.

मोरीत बादली भरली, साबणाचा चुरा टाकला आणि जॅकेट चांगलं तळापर्यंत दाबलं. दोन-तीन सेकंद गेले असतील. फट्‌कन आवाज झाला आणि बादलीतून पिवळंधमक काहीतरी फुसफुसत वर आलं. बघता बघता फुगलं, बादली कलंडली, आणि मी मागच्या मागे मोरीत बसले. साबणाच्या पाण्यात बसून मी त्याच्याकडे बघत होते आणि ते माझ्याकडे. एवढं मोठं, एवढं टणक, छोट्या मुलाच्या पाळण्याएवढं.

पहिला विचार आला, फाटलं. मग चाचपून बघितलं तर शिवण कुठे उसवलेली नाही. सगळं शाबूत. वरचं काळं कापड नुसतं उघडलेलं, आत घडी घालून ठेवलेली पिवळी पिशवी बाहेर आलेली. म्हटलं चला, यातली हवा काढली की झालं. दाबून निघेना. शोधता शोधता कडेला एक रबरी नळी सापडली, तिच्या तोंडात बारीकशी झडप. मी क्रोशाच्या सुईची बोथट बाजू आत खुपसली आणि पिशवी उराशी धरून दाबत राहिले. अर्धा तास लागला.

त्यानंतर मी जे केलं त्याचा त्या वेळी मला फार अभिमान वाटला होता. पंख्याखाली वाळवलं. कापडावर जुन्या घड्यांच्या रेघा होत्याच, त्या धरून एकेक घडी जशीच्या तशी बसवली. शिवणकाम करणाऱ्या बाईला कापड सांगतं, कुठे दुमडायचं ते. वरचं काळं कापड मिटवलं, चिकटपट्टी दाबली. आतमध्ये एका डबीवर लाल खूण दिसत होती, ती तशीच झाकली गेली. संध्याकाळी झेंडू घेऊन धाकटी आली तेव्हा जॅकेट पाटावर, धोट्याच्या शेजारी, स्वच्छ आणि सुवासिक. ती म्हणाली, "अगं, किती चकाचक दिसतंय. पुसलंस वाटतं?"

मी म्हटलं, हो, पुसलं जरा.

आता हे खोटं मी का बोलले? लॅपटॉपचं ताजं होतं. सणाच्या दिवशी पुन्हा तिची बोलणी कोण खाणार. आणि मनात असं की वस्तू जशी होती तशी मी करून ठेवलीये, मग सांगायचं काय त्यात. दसरा होऊ दे, एक दिवस जेवताना गंमत म्हणून सांगू. दसऱ्याला श्रीखंड झालं, आपट्याची पानं वाटून झाली, माझ्या डोक्यातून ते गेलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती निघाली तेव्हा बॅग मीच तिच्या हातात दिली.

साडेसातला मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. शेजारचे भाऊजी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. हे मालवणकडचे, आमच्या ह्यांचे मित्र. तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली त्यांनी. त्यांना म्हटलं, भाऊजी, तुम्हाला एक गंमत सांगते. आणि बादलीपासून क्रोशाच्या सुईपर्यंत सगळं रंगवून सांगितलं. मी मोरीत कशी बसले हे सांगताना मलाच हसू आवरेना.

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"वयनी, मगे सिलिंडर बदललात काय?"

मी म्हटलं, कसला सिलिंडर?

"आणि चेडू खंय आसा आता?"

बोटीवर, म्हटलं. आठला सुटते बोट.

ते उठले आणि आत जाऊन पायात चप्पल घालून आले. मला म्हणाले, फोन लावा तिला आधी. मी लावला. लागत नव्हता. बोटीवर चढताना ती फोन बंद करून पाणी न जाणाऱ्या पिशवीत टाकते हे मला माहीत होतं. तिच्या ऑफिसचा नंबर माझ्याकडे नव्हता. तीन वर्षं मुलगी नोकरीला जाते आणि तिच्या ऑफिसचा नंबर आईकडे नाही. ही दुसरी चूक, पण तिचा विचार करायला तेव्हा वेळ नव्हता. ओल्या हातानेच दाराला कुलूप लावलं आणि खाली उतरून लालबागच्या नाक्यावर टॅक्सी धरली. भाऊचा धक्का, म्हटलं, लवकर.

टॅक्सीत भाऊजींनी मला समजावलं. ते घाबरवत नव्हते, पण लपवतही नव्हते. त्या जॅकेटात एक छोटासा सिलिंडर असतो, हाताच्या अंगठ्याहून थोडा मोठा, त्यात वायू कोंबून भरलेला. त्याच्या तोंडाशी स्प्रिंग आणि टोकदार सुई. ती स्प्रिंग दाबून धरायला एक गोळी असते, मीठ दाबून केल्यासारखी. माणूस पाण्यात पडला, गोळीपर्यंत पाणी पोचलं की ती विरघळते, स्प्रिंग सुटते, सुई सिलिंडरला भोक पाडते आणि वायू पिशवीत शिरतो. पावसाच्या चार शिंतोड्यांनी सहसा होत नाही, पण बुडवलं की झालंच. गोळीने दगा दिला तर ओढायला खाली एक दोरी असते. तिनेही काम झालं नाही तर ती रबरी नळी, तोंडाने फुंकायला.

"म्हणजे तुम्ही हवा काढलात ती नळी," ते म्हणाले, "थंय सुई घालूची नसता. टोपण उलटा करून दाबूचा. झडप बिघाडली तर तोंडान भरलेली हवासुद्धा ऱ्हवाची नाय."

मी विचारलं, आणि सिलिंडर?

तो एकदाच, म्हणाले. एकदा भोक पडलं की रिकामा. गोळी नवीन, सिलिंडर नवीन, दोन्ही बसवायचे, तेव्हा ते परत जॅकेट होतं. नाहीतर नुसता गळ्यात अडकवलेला पट्टा. त्या लाँचमधल्या गादीत निदान फोम असतो, तो काही न करता तरंगतो. याच्यात काही नाही.

मी म्हटलं, तिला पोहता येतं.

 भाऊजी म्हणाले की जहाजावर त्यांनी चांगले पोहणारे गडी पाण्यात पडलेले बघितले आहेत. डोक्याला लागतं, दम कोंडतो, नाकातोंडात पाणी जातं. फुगलेलं जॅकेट त्या वेळी बेशुद्ध माणसालासुद्धा उताणं करतं आणि तोंड पाण्याच्या वर धरून ठेवतं. त्यासाठीच मांड्यांमधून एक पट्टा घ्यायचा असतो, नाहीतर जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. जॅकेट सगळ्या कपड्यांच्या वरून घालायचं. आत घातलं तर फुगताना छाती आवळतं. असं ते एकेक सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, मी केलेली ती सुबक घडी. माझ्याइतकी नीट घडी दुसऱ्या कोणी घातली नसती, आणि म्हणूनच तिला संशय यायचं काही कारण नव्हतं. गबाळ्यासारखं कोंबलं असतं तर निदान तिने उघडून बघितलं असतं.

रे रोडच्या पुलाशी ट्रक आडवा लागला होता. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, अजून फेडते आहे.

धक्क्यावर पोचलो तेव्हा आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. बोट गेलेली. भाऊजींनी विचारत विचारत कंपनीची खोली शोधून काढली. पत्र्याच्या छपराची, आत एक टेबल, त्यावर वायरलेस, आणि टेबलाशी तिशीतल्या एक बाई चहा पीत बसलेल्या. मी धापा टाकत धाकटीचं नाव सांगितलं, म्हटलं, मी तिची आई, तिचं जॅकेट खराब आहे, तिला सांगा घालू नकोस. बाईंनी माझ्याकडे बघितलं, चहाचा कप बाजूला ठेवला आणि एक शब्द न विचारता वायरलेस उचलला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. दुसऱ्या कोणी आधी माझी उलटतपासणी घेतली असती.

बोटीवरून कोणी तरी बोललं, ती पुढच्या बाजूला यंत्रापाशी आहे, थांबा. पुढच्या बाजूला म्हणजे कठड्यापाशी असणार. आम्ही थांबलो. वायरलेसमधून नुसता खरखर आवाज येत होता. भाऊजी दाराबाहेर पाण्याकडे तोंड करून उभे राहिले, मला त्यांचा चेहरा दिसू नये म्हणून असेल.

मग तिचा आवाज आला. "आई? तू धक्क्यावर काय करतेस?"

बाईंनी माझ्यासाठी बटण दाबून धरलं. मी म्हटलं, "तुझं जॅकेट मी धुतलं गं. बादलीत फुगलं ते. मी परत घडी करून ठेवलं. ते घालू नकोस."

परत खरखर. मग ती म्हणाली, "माहितीये. माझ्या अंगावर दुसरं आहे, बोटीवरचं जास्तीचं. तू खाली बस. प्रेशरची गोळी घेतलीस का सकाळची?"

मी घेतली नव्हती. पण हो म्हटलं, आणि लगेच म्हटलं, नाही घेतली. तेवढं शहाणपण एव्हाना आलं होतं.

आता वायरलेसवर बोललेलं आसपासच्या सगळ्या बोटींना ऐकू जातं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मध्येच एक पुरुषी आवाज आला, कुठल्या तरी दुसऱ्या बोटीचा तांडेल असणार. "मावशी, आमची पण दोन आहेत धुवायला." तिकडून आणखी कोणी हसलं. टेबलाशी बसलेल्या बाईंनी त्यांना दटावलं की कामाव्यतिरिक्त बोलू नका, आणि दटावता दटावता त्याही हसल्या. मी मात्र खुर्चीत बसून रडत होते. दुःखाचं नव्हतं ते. शिवणाचं मशीन थांबवल्यावरसुद्धा पाय थोडा वेळ हलत राहतो ना, तसं काहीतरी होतं. भाऊजींनी मला बाहेर नेऊन चहा पाजला, दोन कप. वर म्हणाले, आता मोरीतली गोष्ट परत सांगा, आता हसतो. आणि खरंच, मी सांगितली आणि ते डोळे पुसेपर्यंत हसले.

संध्याकाळी धाकटी घरी आली. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. तिने चप्पल काढली, हात-पाय धुतले आणि माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसली. म्हणाली, आई, एक सांगते, पण घाबरू नकोस.

त्यांचा नियम असा की बोटीत चढण्याआधी प्रत्येकाने जॅकेट उघडून बघायचं. डबीवरची खूण हिरवी आहे का, सिलिंडर हाताने घट्ट बसतोय का, पट्ट्या, बक्कल धड आहेत का. आणि हे आपलं आपण नाही करायचं, दुसऱ्याचं करायचं. तिचं जॅकेट तिचा बोटीवरचा जोडीदार बघतो आणि त्याचं ती. त्या सकाळी भरतीची वेळ गाठायची म्हणून घाई होती. जोडीदाराने तिचं जॅकेट मागितलं तर ही त्याला म्हणाली की अरे, राहू दे, परवाच तर बघितलंय, तेव्हापासून घरी देवासमोर होतं.

"मी खरंच तसंच घालणार होते, आई. इतकं छान घडी घातलेलं होतं."

मी विचारलं, मग?

"तो म्हणाला, देवासमोर होतं तर होतं, उघड. उघडलं तर लाल."

 मी तिचा हात धरला. मग तिनेच सुरुवात केली. म्हणाली, नंतर दाखवते म्हटलं आणि झेंडू आणायला पळाले, ती माझी चूक. मी म्हटलं, पुसलं असं सांगितलं ती माझी. ती म्हणाली, तुझी जास्त. मी म्हटलं, कबूल. धुतल्याचा तिला राग नव्हता. ते पुढच्या वेळी कसं करायचं तेही तिने सांगितलं, की आधी सिलिंडर आणि गोळी काढायची, मग साध्या पाण्याने, साबण नको. राग होता तो न सांगितल्याचा. "काहीही कर, मोडून टाक, जाळून टाक, पण मला सांग," एवढं एकदाच म्हणाली. आवाज न चढवता म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

दोन दिवसांनी तिने ऑफिसातून नवीन सिलिंडर आणि नवीन गोळी आणली. कंपनीतले लोकही बसवून देतात, पण ती म्हणाली, मला तुझ्यासमोर करायचंय. स्वयंपाकघरात चटई टाकून आम्ही बसलो. भाऊजीही आले, खुर्ची घेऊन. आदल्या रात्रीच तिने नळीने तोंडाने फुगवून सकाळपर्यंत तसंच ठेवलं होतं, माझ्या सुईने झडप बिघडली नाही ना ते बघायला. सकाळी मी उठून आधी तिथे गेले होते. टणक होतं. जीव भांड्यात पडला. मग टोपण उलटं करून हवा काढायला मला शिकवलं. गोळीची तारीख बघितली. तिला मुदत असते. मग गोळी बसवली, नवीन सिलिंडर फिरवून लावला, मलाही फिरवून बघायला लावला. सैल राहिला तर सुई पोचत नाही. डबीवर हिरवं आलं.

घडी मीच घातली. तिने आणि भाऊजींनी तोंडभर कौतुक केलं. आणि कौतुक करून झाल्यावर तिने माझ्यादेखत चिकटपट्टी ओढून ती घडी पुन्हा उसकटली, आतलं हिरवं परत एकदा बघितलं, सिलिंडरला परत एकदा हात लावला. मला म्हणाली, वाईट नको वाटून घेऊस. मी म्हटलं, अगं रोज उसकट.

तिच्या त्या जोडीदाराला मी अजून बघितलेलं नाही. घाटकोपरला राहतो एवढंच माहीत आहे. त्याला काय आवडतं ते विचारलं तर म्हणे सोलकढी आणि घावणे. सोमवारी बोट आहे. रविवारी घावण्यांचे तांदूळ भिजत घालायचे आहेत.